वाट मोकळी करणाऱ्यांचे शौर्य

युद्धाचा इतिहास आपल्याकडे बहुधा हल्ल्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणती टेकडी घेतली, कोणते ठाणे पडले, कोणी किती शत्रू लोळवले, हे आपल्याला ठाऊक असते. त्या टेकडीपर्यंत रणगाडे कोणत्या रस्त्याने गेले, रस्त्यातले सुरुंग कोणी काढले, नदीवर पूल कोणी टाकला, हे विचारायचे राहून जाते. ही कामे करणारी पलटण आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकीला आहे. आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप म्हणजे जुन्या लोकांची सफरमैना पलटण. तिची पाळेमुळे अठराव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत सापडतात. फाळणीपूर्वी तिच्यात मराठे, शीख आणि मुसलमान एकाच कंपनीत खांद्याला खांदा लावून राबत. या पलटणीतल्या तरुण अभियंत्यांचे आणि जवानांचे शौर्य हे मूलतः कामाचे शौर्य होते. ते पदकांनी मोजत राहिलो, तर त्यांनी काय केले आणि त्यांचे पुढे काय झाले, यातले फार थोडे आपल्या हाती लागते.

बारामती आणि इंदापूरच्या वाचकाला हे पटवायला दूर जावे लागत नाही. दख्खनमधल्या पाटबंधाऱ्यांच्या पहिल्या मोठ्या पाहण्या एकोणिसाव्या शतकात रॉयल इंजिनिअर्सच्या फाइफ यांनी केल्या. खडकवासल्याचा तलाव कित्येक वर्षे ‘लेक फाइफ’ म्हणून ओळखला जाई. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण खचू लागले, तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. धरण वाचले नाही. पण १२ जुलैला ते फुटले तेव्हा दिवस उजाडलेला होता, आणि मधल्या त्या तासांनी पुण्यातले कितीतरी जीव वाचवले. त्या पुरात खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. ती पुन्हा उभी राहिली आणि आज तिथून निघणाऱ्या कालव्याच्या शेवटच्या टोकावर इंदापूरचा शेतकरी पाण्याची वाट पाहतो. चर खणणे, बांध घालणे, पाण्याला वाट देणे या कामांची किंमत ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याला सफरमैनाचे मोल वेगळे समजावून द्यायला नको.

पहिल्या महायुद्धातले दोन प्रसंग या पलटणीचे नशीब नेमके दाखवतात. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर सफरमैनाच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांना हल्ल्यात उतरवले गेले. पूल बांधायला आणि खंदक खणायला शिकवलेली माणसे बंदूक घेऊन घराघरांतून लढली. या दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले आणि जवानांपैकी सुमारे एक तृतीयांश कामी आले किंवा घायाळ झाले. वर्षानुवर्षे शिकून तयार झालेले हात एका दिवसात गेले, आणि तसे हात घाईने घडवता येत नाहीत. दुसरा प्रसंग मेसोपोटेमियातल्या कुतचा. या पलटणीच्या तुकड्यांसह तिथे अडकलेल्या फौजेचे नावच सहावी पूना डिव्हिजन होते. वेढा पडताना तैग्रिस नदीवरचा होड्यांचा पूल तुर्कांच्या हाती जाऊ नये म्हणून रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट मॅथ्यूज आणि गुरखा पलटणीचे लेफ्टनंट स्वीट यांनी डिसेंबर १९१५ मध्ये रात्रीच्या अंधारात तो उडवला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. पुढचे भोग हुद्द्याप्रमाणे वाट्याला आले. अधिकारी छावण्यांत तुलनेने बरे राहिले. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवले गेले. अनेक हिंदी कैदी रास अल-ऐनकडच्या रेल्वेमार्गावर राबले आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. पुलांच्या तुकडीचे प्रमुख कॅप्टन सँडीस सुटून आले आणि त्यांनी कैदेची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. बहुतेक शिपायांच्या हकीकती त्यांच्याबरोबरच संपल्या.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर लगेच याच पलटणीतली, १९१८ या एकाच साली जन्मलेली दोन माणसे पुढे आली. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या जानेवारीअखेर सुदान–इथिओपियाच्या सरहद्दीवर गल्लाबाट–मेटेम्मा भागात सलग चार दिवस, पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम दुसऱ्याच्या हाती दिले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. कारवारकडचे रामा राघोबा राणे १९४० साली साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांपुढे ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीची त्यांची तुकडी होती. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान ठार झाले आणि राण्यांसह पाच जखमी. तरीही त्यांनी सुरुंग काढले, आडवी टाकलेली पाइनची झाडे हटवली, रणगाड्याखाली सरपटत दोरीच्या खुणांनी चालकाला वाट दाखवली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. या दोघांच्या कामाची जात एकच आहे. गोळी येत असताना उलट गोळी झाडायची मोकळीक नाही, घाई करायची सोय नाही. हात स्थिर ठेवून जमिनीतला पुढचा सुरुंग शोधायचा. हल्ल्यातला वीर काही मिनिटे मृत्यूच्या समोर असतो. यांनी दिवसचे दिवस तसे काढले.

यावर पहिला आक्षेप असा की रक्त सर्वांत जास्त सांडते ते पायदळाचे, मग सफरमैनाचे वेगळे कौतुक कशाला? पायदळाचा त्याग मोठाच आहे. मुद्दा तुलनेचा नाही. पायदळ पुढे सरकू शकले ते कोणाच्या कामामुळे, हे नोंदवण्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुत आणि फ्रान्समध्ये ही माणसे साम्राज्यासाठी लढली, त्यांचे स्मरण आपण का करावे? साम्राज्याच्या हेतूंचे समर्थन इथे कोणी करत नाही. पण ज्या पलटणीने १९४८ मध्ये राजौरीची वाट मोकळी केली, तिचे कसब त्याच जुन्या मोहिमांत घडले होते. शिवाय दुष्काळी मुलखातून पोटासाठी भरती झालेल्या तरुणाला लंडनच्या धोरणाचा जाब विचारणे न्यायाचे नाही. तिसरा आक्षेप असा की आता यंत्रे आली, हा सगळा इतिहास झाला. २००१–०२ मध्ये पश्चिम सरहद्दीवर पेरलेले सुरुंग पुन्हा काढताना किती जवान मृत्यू आणि अपंगत्वाला सामोरे गेले, हे पाहिले की हा युक्तिवाद टिकत नाही. यंत्र पुढे गेले, तरी शेवटची खात्री अजून माणसालाच करावी लागते.

भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले, १९६२ च्या पराभवाच्या चौकशीत सहभागी होते, निवृत्तीनंतर दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९७५ मध्ये वारले. राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. त्यांची नावे राहिली हे योग्यच झाले. पण त्या एप्रिलमधले ते दोन जवान, न्यव्ह शापेलचे सफरमैना, रास अल-ऐनचे कैदी यांची नावे आपल्या बोलण्यात कुठेच नाहीत. महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती कामी आली, एवढा आकडा सांगणारे दगड महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आहेत. आकड्यावर थांबणे आता पुरेसे नाही. बारामती आणि इंदापुरात आज अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या घरी जावे, कोण कोणत्या पलटणीत होता, त्याने कोणता पूल बांधला, कोणता रस्ता मोकळा केला, आणि परत आल्यावर त्याचे काय झाले, हे लिहून काढावे. कामाची अशी नोंद झाली, तरच पदक न मिळालेल्यांनाही इतिहासात त्यांची जागा मिळेल, आणि ती त्यांची हक्काची जागा आहे.