सगळीकडे सात दाखवणारा मीटर

गच्चीवरच्या पांढऱ्या पाइपांत लावलेले लेट्यूस पंधरा-वीस दिवस जोमाने वाढते आणि एका सकाळी शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडलेली दिसतात. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. ऊस उत्पादक याला केवडा पडणे म्हणतात आणि कारण ओळखतात ते लोहाच्या कमतरतेचे. पण खताच्या डब्यावर लोह लिहिलेले आहे, ते मापाने टाकीत घातलेलेही आहे. पेनासारखा छोटा पीएच मीटर बुडवून पाहिला तर आकडा ६.१, म्हणजे जसा हवा तसा. मग लोहाचा आणखी एक डोस दिला जातो, पाणी बदलले जाते, बियाणे विकणाऱ्याला दोष दिला जातो. या साऱ्या तपासात एकाच साक्षीदारावर कुणी संशय घेत नाही. तो म्हणजे गेले दोन महिने स्वयंपाकघराच्या खणात कोरडा पडून राहिलेला मीटर.

मातीविना शेतीत, म्हणजे हायड्रोपोनिक्समध्ये, पीएचला एवढे महत्त्व का, हे मातीकडे पाहिले की कळते. शेतकरी ज्याला सामू म्हणतात तो हाच पीएच. मातीतील चिकणकण आणि सेंद्रिय पदार्थ आम्ल-अल्कलीचे धक्के पचवतात, त्यामुळे शेतातला सामू एका रात्रीत फारसा हलत नाही. पाण्याच्या टाकीत हा आधार नसतो. रोपांनी नायट्रेट घेतले की द्रावणाचा सामू वर सरकतो, अमोनियम घेतले की खाली येतो. बहुतेक पालेभाज्यांना ५.५ ते ६.५ हा टप्पा मानवतो. त्याच्या बराच वर गेला की लोह द्रावणात टिकत नाही आणि फॉस्फेट कॅल्शियमशी संयोग पावून तळाशी बसू लागते. नेहमीच्या खतातले ईडीटीए प्रकारचे लोह साधारण साडेसहाच्या पुढे सुटू लागते. टाकीत लोह असते, पण रोपाला मिळत नाही. सामू पाचाच्या खूप खाली उतरला तर मुळांनाच इजा होते.

त्यात ही मोजपट्टी साधी नाही. सामू ६ वरून ५ वर आला म्हणजे आम्लता दसपट झाली, ४ वर आला म्हणजे शंभरपट. महाराष्ट्रातल्या बऱ्याच भागात बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकातून येते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि सामू सातच्या वर असतो. असे पाणी खाली आणायला आम्ल घालावे लागते. सुरुवातीला बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकते आणि आकडा हट्टाने जागचा हलत नाही. बायकार्बोनेट संपले की मात्र पुढच्या थोड्याशा आम्लाने सामू धाडकन कोसळतो. नेमक्या याच क्षणी हातातल्या मीटरवर विसंबावे लागते, आणि याच क्षणी तो चुकीचा असेल तर एका संध्याकाळीत अख्ख्या टाकीची मुळे तपकिरी पडतात.

सामू ही कल्पना १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी मांडली. सहज वापरता येईल असा मीटर मात्र आला तो फळबागांच्या गरजेतून. कॅलिफोर्नियातील संत्री-लिंबू उत्पादकांच्या संस्थेतल्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. पण रसात टिकाऊपणासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडने लिटमसचा रंगच उडून जाई. त्यांनी आपले जुने सहाध्यायी अर्नोल्ड बेकमन यांना गाठले. १९३४ मध्ये बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबच्या वर्धकाची जोड दिली आणि आकडा थेट वाचता येऊ लागला. आजचा खिशातला पेन त्या यंत्राचाच वंशज आहे. इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाले, आकाराने आक्रसले, पण टोकाशी असलेला काचेचा फुगा तोच राहिला. सांभाळायचे असते ते या फुग्याला.

तो फुगा साध्या काचेचा नसतो. पाण्यात राहिल्यावर त्याच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ, फुगलेला, ओला थर तयार होतो आणि हायड्रोजनचे आयन या थराशी देवाणघेवाण करतात. त्यातून निर्माण होणारा विद्युतदाब मीटर मोजतो. २५ अंश सेल्सियसला सामूच्या प्रत्येक अंकामागे तो सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. फुग्याच्या शेजारी, बहुधा एका पांढऱ्या ठिपक्यामागे किंवा वातीमागे, दुसरा भाग लपलेला असतो. त्याला संदर्भ इलेक्ट्रोड म्हणतात. त्यात पोटॅशियम क्लोराईडचे द्रावण किंवा जेल भरलेले असते आणि ते त्या सच्छिद्र ठिपक्यातून अगदी सावकाश बाहेर झिरपत असते. मोजणी पूर्ण होण्यासाठी हे झिरपणे आवश्यकच आहे.

मीटर कोरडा ठेवला की दोन्ही बाजूंनी घात होतो. काचेवरचा ओला थर सुकतो आणि ठिपक्याच्या छिद्रांत क्षाराचे खडे जमून वाट बुजते. असा मीटर बंद पडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. बटण दाबले की पडदा उजळतो, दशांशासकट आकडा येतो. फक्त तो आकडा मंदगतीने सरकत राहतो किंवा भलत्याच ठिकाणी थांबतो.

कोरडा नको म्हणून अनेक जण टोपणात आरओचे पाणी किंवा बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर भरतात. शुद्ध पाणी म्हणजे सुरक्षित, हा समज इथे उलटा पडतो. शुद्ध पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने संदर्भ इलेक्ट्रोडमधले पोटॅशियम क्लोराईड भराभर बाहेर ओढले जाते. आठवडेच्या आठवडे असा ठेवलेला मीटर आतून रिकामा होत जातो, आणि पेनच्या प्रकारात हे जेल पुन्हा भरायची सोय सहसा नसते. कॅमेऱ्यासारखा सिलिका जेलच्या पुडीबरोबर किंवा तांदळाच्या डब्यात जपून ठेवणे, हा त्याहून वाईट उपाय.

ठेवायचा तो पोटॅशियम क्लोराईडच्या तीव्र द्रावणात. ‘स्टोरेज सोल्यूशन’ या नावाने ते तयार मिळते. घरी करायचे तर प्रयोगशाळेच्या दर्जाचे पोटॅशियम क्लोराईड २२.४ ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावे आणि एकूण १०० मिलिलिटर करावे, म्हणजे तीन मोलर द्रावण तयार होते. खताच्या दुकानातले म्युरेट ऑफ पोटॅश हेही पोटॅशियम क्लोराईडच, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण त्याचा लालसर रंग लोहाच्या गंजासारख्या अशुद्धीचा असतो आणि तो गाळ छिद्रांत जाऊन बसतो, म्हणून ते इथे वापरू नये. टोपणातला स्पंज भिजेल किंवा फुगा बुडेल इतके द्रावण पुरते. पेन शक्यतो उभा ठेवावा. टोपणाच्या कडेला पांढरे स्फटिक साचले तर घाबरायचे कारण नाही, पाण्याने धुतले की जातात. स्टोरेज सोल्यूशन हाताशी नसेल तर चार सामूचे बफर द्रावण काही दिवस चालून जाते.

सुकलेला मीटर लगेच फेकायची गरज नसते. त्याच द्रावणात रात्रभर बुडवून ठेवल्यावर बरेच मीटर शुद्धीवर येतात. आला की नाही, हे मात्र तपासावे लागते, आणि नेमक्या या तपासणीत बहुतेकांची फसगत होते.

बाजारात मीटरबरोबर सहसा ६.८६ आणि ४.०० अशा बफर पावडरच्या पुड्या येतात. घाईत फक्त पहिली वापरली जाते. सातच्या आसपासचा आकडा दिसला की मीटर पास. पण काचेच्या फुग्याला बारीक तडा गेला असेल तर मीटर कुठल्याही द्रावणात साधारण सातच दाखवतो, कारण फुग्याच्या आत आणि बाहेर फरकच उरत नाही आणि शून्य विद्युतदाबाचा अर्थ मीटरच्या लेखी सात असतो. म्हणजे सातच्या परीक्षेत मेलेला मीटरही उत्तीर्ण होतो. त्याच्या भरवशावर टाकीत आम्ल घालणाऱ्याला कितीही आम्ल घातले तरी सातच दिसणार. थकलेल्या मीटरची गोष्ट अधिक फसवी आहे. समजा त्याची संवेदनक्षमता ८० टक्क्यांवर आली आहे आणि तो फक्त सातवर जुळवलेला आहे. खरा सामू ५ असताना तो ५.४ दाखवेल. पडद्यावर ५.५ येईपर्यंत आम्ल घातले तर टाकीतला सामू प्रत्यक्षात ५.१ झालेला असेल.

म्हणून दोन द्रावणांत जुळवणी करायची, आधी सातच्या जवळचे आणि मग चारचे. हायड्रोपोनिक्सचा टप्पा या दोहोंमध्येच येत असल्याने ९.१८ ची पुडी राहिली तरी बिघडत नाही. पावडर विरघळवायला मात्र डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे, पुडीवर लिहिलेल्या मापात. साठवणीला जे पाणी वर्ज्य तेच इथे आवश्यक, कारण नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट बफरचाच आकडा बदलून टाकते. थोडे द्रावण छोट्या कपात ओतून वापरावे आणि वापरलेले पुन्हा बाटलीत ओतू नये. एका बफरमधून दुसऱ्यात जाताना टोक धुवून टिश्यूने नुसते टिपावे. पुसले, घासले की काचेवर स्थिर विद्युत साठते आणि आकडा काही काळ भरकटतो. रोज वापरणाऱ्याने आठवड्यातून एकदा आणि महत्त्वाचे काम असेल तेव्हा त्याच दिवशी हा सोपस्कार केला तर पुरे.

दुसरा साक्षीदार हवा असेल तर रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्या अर्ध्या अंकापर्यंतच सांगू शकतात, पण मीटर म्हणतो तो सहा खरोखर सहा आहे की साडेसात, एवढे कळायला त्या पुरेशा असतात. लेखाच्या सुरुवातीच्या लेट्यूसचे कोडे अशा एका पट्टीने मिनिटभरात सुटले असते.

खताच्या द्रावणात रोज बुडणाऱ्या काचेवर दोन प्रकारची पुटे चढतात. क्षारांचे पांढुरके पूट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यावर सुटते. शेवाळ आणि चिकट थर भांड्याच्या साबणाच्या सौम्य पाण्यात ढवळून काढावा. ब्रश, स्क्रबर, कापड काहीही काचेला लावायचे नाही. दोन्हींनंतर स्वच्छ धुवून तास-दोन तास स्टोरेज सोल्यूशनमध्ये ठेवावे आणि नव्याने जुळवणी करावी. मोजणीही टाकीत न करता कपात पाणी काढून करणे शहाणपणाचे, फुगा फुटला तर काचा मुळांत जात नाहीत.

आपल्याकडचा उन्हाळा इलेक्ट्रोडला लवकर म्हातारा करतो. पॉलिहाऊसच्या खांबाला टांगलेला किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर विसरलेला मीटर सावलीत ठेवलेल्या मीटरपेक्षा आधी थकतो. ‘एटीसी’ लिहिलेला मीटर तापमानाची दुरुस्ती करतो, पण ती इलेक्ट्रोडच्या वागणुकीपुरती. द्रावणाचा सामू तापमानाने खरोखर बदलला असेल तर तो बदललेलाच दाखवला जातो, आणि तेच बरोबर आहे. ईसी मोजणाऱ्या साध्या पेनची गोष्ट अगदी उलटी: तो धुवून कोरडा ठेवायचा. दोन्ही पेन एकाच डब्यात, एकाच पद्धतीने ठेवले की त्यातला एक हमखास बिघडतो. शिवाय पीएच पेनच्या टोकाचे पोटॅशियम क्लोराईड ईसीच्या नमुन्यात ठिबकले तर खत जास्त झाल्याचा भास होतो.

घरात हे सगळे करताना जास्त काळजी मीटरपेक्षा आम्लाची घ्यावी लागते. सामू उतरवायला वापरले जाणारे फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल त्वचा आणि डोळे भाजू शकते. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. सरबताच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आम्ल, बफर किंवा स्टोरेज सोल्यूशन भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडावी. तहानलेले मूल लेबल वाचत नाही.

नीट सांभाळलेला इलेक्ट्रोडही अमर नसतो. साधारण एक ते दोन वर्षांत काच आणि जेल दोन्ही थकतात, मीटर कपाटात नुसता पडून असला तरी. चार आणि सातच्या द्रावणांत आकडा स्थिर व्हायला कित्येक मिनिटे लागू लागली किंवा जुळवणी करूनही दुसऱ्या दिवशी तो घसरला, की नवीन घ्यायची वेळ झाली. म्हणून पहिल्याच दिवशी मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून वापर सुरू केल्याची तारीख लिहावी. बफरच्या बाटलीवरही लिहावी. दिवाळीत किंवा मे महिन्यात महिनाभर गावी जायचे असेल तर बटन सेल काढून ठेवावेत, ते गळले की आतले संपर्क गंजतात. टोपणात द्रावण भरून ते घट्ट लावावे आणि पेन पेल्यात उभा करून सावलीतल्या कपाटात ठेवावा. परतल्यावर पहिले काम टोपणात ओल आहे का ते पाहण्याचे.