विश्लेषण : बीडीडी चाळीतून ४० मजली टॉवरमध्ये गेल्यावर विजेचा हिशेब कसा बदलतो?

वरळीच्या बीडीडी चाळ पुनर्विकासातील पहिल्या ५५६ रहिवाशांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाताना गीझर, एसी येतात. सोबत लिफ्ट आणि पाण्याचे पंपही येतात. त्यामुळे वीज कुठून येते आणि बिल कशाने वाढते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

वीज येते कुठून?

वीजव्यवस्थेचे तीन टप्पे असतात : निर्मिती, पारेषण आणि वितरण. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वितरणाचे काम ‘बेस्ट’ करते. बेस्ट स्वतः वीज तयार करत नाही, विकत घेते. मुंबईला बाहेरून वीज येण्याची परंपरा जुनी आहे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून इथल्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आज ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आणि राज्याबाहेरचे प्रकल्पही एकाच जाळ्याला जोडलेले आहेत. या जाळ्यालाच ‘ग्रिड’ म्हणतात.

दाब इतका जास्त कशासाठी?

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. ११ किलोवॉट वीज २३० व्होल्टने पाठवली, तर तारेतून सुमारे ४८ अँपिअर प्रवाह जातो. ११,००० व्होल्टने पाठवली, तर फक्त एक. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणून लांबचा प्रवास जास्त दाबाने होतो आणि घराजवळच्या उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर तो दाब कमी करतो.

किलोवॉट आणि युनिट यांत फरक काय?

किलोवॉट म्हणजे एखादे उपकरण एका वेळी किती वीज ओढते ते. युनिट म्हणजे एकूण किती वापरली ते.

• २ किलोवॉटचा गीझर : अर्ध्या तासात १ युनिट
• ७५ वॉटचा पंखा : सुमारे १३ तासांत १ युनिट
• ९ वॉटचा एलईडी दिवा : सुमारे १११ तासांत १ युनिट

‘मंजूर भार’ का पाहावा?

बिलावर लिहिलेला मंजूर भार म्हणजे तुमच्या जोडणीसाठी मान्य झालेली किलोवॉटची मर्यादा. गीझर (२), इंडक्शन शेगडी (२) आणि एसी (१.५) एकदम लावले, तर ५.५ किलोवॉट होतात, म्हणजे सुमारे २४ अँपिअर. मंजूर भार त्याहून कमी असेल, तर तो वाढवून घ्यावा. एमसीबी वारंवार पडत असेल, तर परस्पर मोठा एमसीबी बसवू नये. भिंतीतली वायर तापून आग लागू शकते.

लिफ्ट-पंपाची वीज कोण भरते?

ती सोसायटीच्या सामायिक मीटरवर मोजली जाते आणि देखभाल खर्चात धरली जाते. १२० मीटर उंचीवर ५०० लिटर पाणी चढवायला, पंप-मोटरमध्ये निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर अंदाजे एक तृतीयांश युनिट लागते. महिन्याला साधारण १० युनिट. म्हणजे गळका नळ आता पाण्याबरोबर वीजही वाया घालवतो.

एका बिघाडाने शहर अंधारात का जाते?

ग्रिडमध्ये मागणी आणि निर्मिती प्रत्येक क्षणी जुळावी लागते. ती जुळते तेव्हा वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. एखादी मोठी वाहिनी बंद पडली की तिचा भार इतर वाहिन्यांवर येतो आणि त्याही बंद पडू शकतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातल्या बिघाडानंतर मुंबईची वीज गेली, लोकलही थांबल्या. टॉवरमध्ये अशा वेळी लिफ्ट आणि पाणी दोन्ही अडकतात.

नव्या घरात आधी काय तपासावे?

• बिलावरचा मंजूर भार
• लिफ्ट आणि पंपासाठी जनरेटरची सोय, तसेच त्याच्या डिझेलचा खर्च कोण देणार
• मीटरजवळच्या किंवा घरातल्या आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण : दाबल्यावर वीज लगेच बंद व्हायला हवी. ती बंद झाली नाही, तर शॉकपासून वाचवणारे हे उपकरण निकामी आहे. परवानाधारक वायरमनकडून ते बदलून घ्यावे.