पाठ केलेली उत्तरं

१९५८ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मनोविकार विभागात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. विमा कंपनीत टायपिस्ट होती. अभ्यासकांनी तिला ‘ॲग्नेस’ हे टोपणनाव दिलं. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, जननेंद्रिय पुरुषाचं, बाकी अंगाने मात्र पूर्ण बाई. बाराव्या वर्षापासून शरीर आपोआपच असं होत गेलं, असं तिने सांगितलं. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्टॉलर यांनी तिला तपासलं. समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल सुमारे पस्तीस तास तिच्याशी बोलले. ही निसर्गाचीच दुर्मीळ करणी आहे, असा निष्कर्ष निघाला आणि १९५९ च्या मार्चमध्ये तिची शस्त्रक्रिया झाली.

१९६६ मध्ये तिने सहज बोलावं तसं सांगून टाकलं, की बाराव्या वर्षापासून ती आईसाठी लिहून दिलेल्या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या चोरून घेत होती. दुकानदाराला सांगायची, आईने मागवल्यात. गार्फिंकेल यांना आपल्या पुस्तकातल्या तिच्यावरच्या प्रकरणाला पुरवणी जोडावी लागली.

ती खोटं का बोलली, याचं उत्तर साधं होतं. निसर्गाची चूक असेल तर डॉक्टर सुरी हातात घेत होते. ‘मला बाई म्हणून जगायचंय’ एवढंच म्हटलं असतं, तर तिला मनोरुग्ण ठरवून परत पाठवलं असतं. लिंगबदल शस्त्रक्रियेआधीच्या मानसिक तपासणीचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीत सामावला आहे.

त्याआधी अशी तपासणी शिस्तीने करावी, एवढ्या शस्त्रक्रियाच होत नव्हत्या. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिकविज्ञानाची संस्था काढली, तिच्या आसऱ्याने अगदी सुरुवातीचे प्रयोग झाले; १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि पुस्तकांची होळी केली. १९५२ च्या डिसेंबरात ख्रिस्टिन जॉर्गेनसन या माजी अमेरिकन सैनिकाच्या डेन्मार्कमधल्या शस्त्रक्रियेची बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात झळकली, आणि तिचे डॉक्टर ख्रिश्चन हॅम्बर्गर यांच्याकडे पत्रांचा ढीग लागला. ४६५ जणांनी स्वतःसाठी तेच मागितलं होतं. यातला खरा गरजू कोण आणि उद्या पस्तावणारा कोण, हा प्रश्न डॉक्टरांपुढे तेव्हापासून उभा आहे. त्यात कायद्याची भीती होतीच. धडधाकट अवयव कापणं अमेरिकेत गुन्हा ठरू शकत होतं. आपल्याकडेही भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये पुरुषत्वहरण गंभीर दुखापतीत मोडत होतं. मनोविकारतज्ज्ञाचा शेरा रुग्णाइतकाच सर्जनलाही हवा होता.

१९६६ मध्ये डॉक्टर हॅरी बेंजामिन यांचं ‘द ट्रान्ससेक्शुअल फिनॉमिनन’ आलं आणि त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिंगभाव क्लिनिक सुरू झालं. पहिल्या अडीच वर्षांत तिथे सुमारे २००० जणांनी विचारणा केली. शस्त्रक्रिया झाल्या २४. गाळणी इतकी बारीक असली, की लोक तिच्या मापाचं होऊन येतात. ‘खरा’ रुग्ण कसा असतो, ते बेंजामिन यांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं: लहानपणापासूनची ओढ, स्वतःच्या अवयवांची किळस वगैरे. रुग्णांनी ते पुस्तक वाचलं, एकमेकांना दिलं. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सगळ्यांच्या कहाण्या पुस्तकाबरहुकूम येताहेत. परीक्षकांनीच नकळत गाईड छापून दिलं होतं.

ज्याने उत्तरं पाठ केली नाहीत, तो अडला. सॅन फ्रान्सिस्कोचा लू सुलिव्हन जन्माने मुलगी, मनाने पुरुष, आणि त्याचं प्रेमही पुरुषांवर. तो हे लपवत नसे. पुरुष व्हायचंय तर बाईवर प्रेम हवं, हे तेव्हाचं गणित. म्हणून एका विद्यापीठाच्या क्लिनिकने त्याला नाकारलं. वर्षानुवर्षं झगडून १९८६ मध्ये त्याने शस्त्रक्रिया करून घेतली.

१९७९ साली दोन उलट्या दिशांच्या गोष्टी घडल्या. हॉपकिन्सचे जॉन मेयर यांनी ५० जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला: शस्त्रक्रियेने समाधान मिळतं, पण सामाजिक स्थिती सुधारल्याचं वस्तुनिष्ठ मोजमापात दिसत नाही. ते मोजमाप नोकरी, अटक, जोडीदार यांवर गुण देणारं होतं आणि ‘चुकीच्या’ लिंगाचा जोडीदार असला तर गुण कापले जात. या अभ्यासावर बोट ठेवून क्लिनिकला कुलूप लागलं. त्याच वर्षी बेंजामिन यांचं नाव घेतलेल्या संघटनेने उपचारांची पहिली मानकं काढली: दोन तज्ज्ञांची शिफारस, आणि आधी वर्षभर त्या लिंगाने उघडपणे जगून दाखवणं. भारतातले सर्जन आजही जी ‘दोन पत्रं’ मागतात, त्यांचं मूळ इथे आहे.

पुढचा प्रवास गाळणी सैल होण्याचा. २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन यादीतून या अवस्थेचं ‘विकृती’सूचक नाव गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गवारीत हा विषय मानसिक आजारांतून उठून लैंगिक आरोग्यात गेला. बेंजामिन यांच्या नावाने सुरू झालेल्या मानकांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीने प्रौढांसाठी एकच पत्र पुरेसं मानलं.

मग सावधगिरी फुकट होती का? नाही. ही शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही, मूल होण्याची शक्यता संपते, आणि नैराश्याने घेरलेल्या माणसाला तिच्यात सगळ्या दुःखांवरचा उपाय दिसू शकतो. ॲमस्टरडॅममध्ये १९७२ ते २०१५ या काळातल्या ६,७९३ जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जननग्रंथी काढल्यावर पस्तावलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आत निघालं. हा आकडा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. पण ही माणसं तपासणीतून गेलेली होती, हे विसरून चालत नाही. अल्पवयीनांबाबत तर प्रश्न आणखी नाजूक. ब्रिटनमध्ये हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने मुलांवरच्या संप्रेरक उपचारांचा पुरावा कमकुवत असल्याचं सांगून सर्वांगीण मूल्यमापनाचा आग्रह धरला.

आपल्याकडे याच्या शेजारी दुसरीच परंपरा होती. हिजडा समाजातलं ‘निर्वाण’, म्हणजे पुरुषत्वहरण, दाई अम्माच्या हातून होई. तिथे ना भूल, ना पत्र. दवाखान्याचं दार बंद असलं की माणूस थांबत नाही, दुसऱ्या दाराने जातो, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. २०१२ मध्ये आसाममधून आलेल्या एकवीस वर्षांच्या व्यक्तीची मुंबईतली शस्त्रक्रिया घरच्यांच्या विरोधामुळे अडली, तेव्हा सज्ञान व्यक्तीला रोखणारा कायदा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट बेकायदा ठरवली. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०२० च्या नियमांच्या पहिल्या मसुद्यात ओळखपत्रासाठीही मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागितला होता. हरकती आल्यावर तो वगळला. ओळख आणि ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी तेव्हा मान्य झालं.

सात दशकांच्या या वाटचालीत तपासणी नको होती, असं मी म्हणणार नाही. चुकला तो प्रश्न. ‘तू खरी आहेस हे सिद्ध कर’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर मिळतं. ‘यानंतर काय बदलेल, काय बदलणार नाही, आणि बरं वाटलं नाही तर तुझ्यामागे कोण उभं राहील’ असं विचारलं, आणि नकाराची टांगती तलवार बाजूला ठेवली, तर माणूस मनातली शंकाही बोलून दाखवतो. खरी सावधगिरी तीच. पस्तीस तासांच्या चौकशीला जे कळलं नाही, ते ॲग्नेसने आठ वर्षांनी आपणहून सांगितलं. तोवर तिच्याकडून हिरावून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.