सेवादलाची शिबिरे आणि आपली मुले

मे महिना जवळ आला की आमच्या निघोज्यातले पालक एकच प्रश्न विचारतात : सुट्टीत मुलांचे करायचे काय? गावात महिंद्राचा मोठा कारखाना, भोवती भाड्याच्या खोल्या. तिथे मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची कुटुंबे राहतात. अब्बा पाळीवर, अम्मी घरकामात. मुले सकाळी मकतबला जाऊन आली की उरलेला दिवस मोबाईलवर.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला राष्ट्र सेवा दलाच्या शिबिराला जायचे होते. तिची अम्मी शाळेत आली आणि थेट म्हणाली, "मॅडम, हे लोक कोण? आमच्या मुलीला तिथे परके तर वाटणार नाही ना?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

सेवा दलाची स्थापना ४ जून १९४१ ची. एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. जातधर्म न पाहता मुलामुलींनी एकत्र खेळावे, श्रमदान करावे, गाणी म्हणावीत, प्रश्न विचारावेत, असा हा प्रयोग होता. साने गुरुजी त्याचे प्रेरणास्थान. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी 'श्यामची आई' वाचले असेल, पण याच गुरुजींनी प्रेषित मुहंमद (स.) यांचे चरित्र मराठीत 'इस्लामी संस्कृती' या नावाने लिहिले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ज्या घरात उर्दू वाचता येत नाही, त्या घरात हे पुस्तक जरूर असावे.

सेवादलाच्या शिबिरांना गेलेली माणसे स्वतःला 'सेवादल सैनिक' म्हणवतात, तेही वयाच्या सत्तरीत. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी कलापथक गाजवले. निळू फुले त्याच कलापथकातून पुढे आले, स्मिता पाटीलही पुण्याच्या सेवादलातल्या. पण मला या प्रसिद्ध नावांपेक्षा नळदुर्गचे उदाहरण मोठे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. अनाथ झालेल्या मुलांसाठी सेवादलाच्या मंडळींनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. पन्नालाल सुराणा यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. लहानपणी शिबिरात एकत्र घमेली उचललेली माणसे अशा वेळी एकमेकांना हाक मारू शकतात. नुसते वर्षातून एकदा जमून जुन्या आठवणी काढणारे माजी विद्यार्थी मंडळ ते करू शकत नाही. (आमच्या शाळेचेही असे एक मंडळ आहे. फोटो भरपूर निघतात.)

पुढे गुरुजींच्या जन्मशताब्दीच्या सुमारास याच जुन्या सैनिकांनी आणि गुरुजींच्या चाहत्यांनी रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारायला घेतले. स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुतळा येतो. इथे मुलांची, युवकांची, शिक्षकांची शिबिरे भरतात, आणि एका भारतीय भाषेतले साहित्य दुसरीत नेण्याचे काम चालते. भारतातल्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, हे गुरुजींचे 'आंतरभारती'चे स्वप्न होते. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ते फार जवळचे वाटते. निघोज्याच्या एकाच वर्गात उर्दू, मराठी, भोजपुरी बोलणारी मुले बसतात. आंतरभारती आमच्याकडे न बोलावता आलेली आहे, फक्त तिला कुणी शिबिरात नेत नाही.

जुन्या सैनिकांपुढे आज खरा प्रश्न वारसांचा आहे. लेझीम, समूहगीते, श्रमदान यांची परंपरा जपायची तर ती येणाऱ्या मुलांच्या हाती द्यावी लागेल, आणि ती मुले आता चाकण, भोसरी, वाळूज अशा कारखान्यांच्या पट्ट्यांत राहतात. शिबिर दूरच्या निसर्गरम्य जागी भरले तर पाळीवर जाणारा बाप मुलाला पोचवणार कधी? चार दिवसांचे शिबिर गावातल्या शाळेतच भरवले तर? शिकवायला अठरा-वीस वर्षांचे माजी शिबिरार्थी पुढे आणावेत. ज्येष्ठांनी मागे बसून गाणी दुरुस्त करावीत.

आपल्या बाजूनेही काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे का, बरोबर शिक्षिका आहे का, नमाजला वेळ मिळेल का, जेवणात काय असते. विचारण्यात संकोच नको, आणि उत्तर मिळण्याआधीच "नाही" म्हणू नये. त्या अम्मीने हेच केले. फोनवर चारही प्रश्न विचारले, उत्तरे कागदावर लिहून घेतली, मग मुलीची पिशवी भरली.

एक सूचना आयोजकांनाही. २०१९ साली जवळजवळ सगळा मे महिना रमजानमध्ये गेला. तेव्हा आपली मुले शिबिरात दिसली नाहीत यात नवल नव्हते. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान आता हिवाळ्याकडे सरकला आहे आणि वीसेक वर्षे तरी मे महिन्यात येणार नाही. बकरी ईद मात्र २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षी मे महिन्यातच येते. तारखा ठरवताना तेवढे कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर ठेवावे.