हिमउतारांचे हवामान – लेखांक सातवा : ओला फुगा आणि रास अल खोरची रात्र

उतारावर हिम टिकेल की नाही, किंवा ते नव्याने तयार करता येईल की नाही, हे केवळ तापमापकावरील आकड्यावरून ठरत नाही. त्या आकड्याच्या जोडीला हवेत बाष्प किती आहे हे कळल्याशिवाय काढलेला कोणताही निष्कर्ष अपुराच राहतो. या लेखांकात गुलमर्गच्या हिमथरांची रचना उलगडण्याचे योजले होते. परंतु दुबईतील रास अल खोर परिसरात राहणाऱ्या एका मराठी वाचकाची शंका इतकी नेमकी आहे, की हिमथरांना आठवडाभर थांबावे लागेल. जानेवारीतल्या रात्री हवा गार असते, फवारलेले पाणी बाष्पीभवनाने आणखी गार होते आणि त्याच शहरात अल बर्शा येथील ‘स्की दुबई’च्या बंद दालनात २००५ पासून खऱ्या बर्फावर स्कीइंग चालते, असे असताना खाडीकाठच्या मोकळ्या हवेत निदान एखाद्या रात्री हिम का तयार होऊ नये, असे या वाचकाने विचारले आहे.

उत्तरासाठी प्रथम एक राशी समजून घ्यावी लागते. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून त्यावरून वारा खेळवला, तर फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता फुग्यातूनच शोषली जाते आणि पारा खाली येतो. जिथे तो स्थिरावतो त्यास ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. हवा जितकी कोरडी, तितका हा आकडा साध्या तापमानाच्या खाली जातो, आणि हवा बाष्पाने पूर्ण भरलेली, म्हणजे संपृक्त असली, की दोन्ही आकडे एकच होतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि तोच कूलर मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, याचे कारण हेच आहे.

हिमतोफ, म्हणजे दाबाखालील पाणी आणि हवा बारीक तुषारांच्या रूपाने फेकणारे यंत्र, ही याच तत्त्वाची थंड प्रदेशातील आवृत्ती होय. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते, तर एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे ६०० कॅलरी शोषल्या जातात. म्हणजेच थेंबाचा थोडासा अंश उडून गेला, तर उरलेला थेंब गोठण्यास तो मोठाच हातभार लावतो. म्हणून हिमतोफ चालवणारे लोक साध्या तापमानाकडे पाहत नाहीत, ओल्या फुग्याकडे पाहतात, आणि तो आकडा सुमारे उणे २ अंश सेल्सियसच्या खाली उतरला की काम सुरू करतात. तापमान अधिक २ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला फुगा उणे ३ अंशांच्या आसपास जातो आणि हिम बनते. याउलट तापमान उणे १ अंश असूनही हवा संपृक्त असेल, तर हाती ओला चिखल येतो. तापमान शून्याखाली गेले म्हणजे झाले, हा समज किती फसवा आहे हे या दोन उदाहरणांतून पुरेसे स्पष्ट व्हावे.

आता रास अल खोरचे गणित मांडता येते. दुबईत जानेवारीतील रात्रीचे किमान तापमान सर्वसाधारणपणे १४ अंशांच्या आसपास असते. या तापमानाची हवा सर्वस्वी कोरडी आहे, तीत बाष्पाचा कणही नाही, असे प्रश्नकर्त्याच्या बाजूने गृहीत धरले, तरी ओला फुगा अडीच ते तीन अंशांवरच थांबतो. शून्यही गाठत नाही. पूर्ण कोरड्या हवेतही ओला फुगा उणे २ अंशांपर्यंत नेण्यासाठी मूळ तापमान ६ अंशांच्या खाली असावे लागते. प्रत्यक्षात तर रास अल खोर हे खाडीचे टोक आहे. भरती-ओहोटीचे पाणी, चिखलाचे पट्टे, क्षारयुक्त जमीन आणि कांदळवन यांनी बनलेली ही पाणथळ जागा रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून २००७ मध्ये तिचा रामसर यादीत समावेश झाला. अशा ठिकाणची हिवाळी रात्र कोरडी असण्यापेक्षा दमट असण्याचाच संभव अधिक, आणि ८० टक्के आर्द्रतेला १४ अंशांच्या हवेत ओला फुगा १२ अंशांजवळच घुटमळतो.

हाच आकडा उन्हाळ्यात जीवनमरणाचा होतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना ओला फुगा ३० अंशांवर पोहोचतो. तो ३५ अंशांवर गेला, तर सावलीत बसलेल्या निरोगी माणसाचा घामही त्याचे शरीर गार करू शकत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही मर्यादा अल्प काळासाठी ओलांडली गेल्याची ठिकाणे नोंदवली आहेत, आणि पाकिस्तानातील जेकबाबादबरोबर त्यात दुबईच्याच देशातील रास अल खैमाह येते. उघड्यावर राबणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने हवामानवृत्तात नुसत्या तापमानाऐवजी हा आकडा ठळकपणे दिला जाणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

त्याच रास अल खैमाहमधील जेबेल जैस या डोंगराच्या माथ्यावर जानेवारी २००९ मध्ये नैसर्गिक हिम पडले होते. उंची सुमारे १,९०० मीटर आणि दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांची घट धरली, तर किनाऱ्यावर १४ अंश असताना माथ्यावर दोनच अंश उरतात. त्यातून पडणारे हिमकण कोरड्या हवेतून येताना स्वतःच्याच बाष्पीभवनाने हवा आणखी गार करतात.

राहिले बंद दालन. तेथे दिवसा तापमान उणे १ ते उणे २ अंश ठेवतात आणि रात्री, पाहुणे गेल्यावर, ते उणे ६ अंशांच्या आसपास उतरवून छताकडून तुषार सोडतात. इतके खाली उतरण्याचे कारण ओल्या फुग्यातच आहे, कारण बंदिस्त जागेत पाणी फवारताच हवा लवकर संपृक्त होते, बाष्पीभवनाची मदत जवळजवळ संपते, आणि थेंब गोठताना सुटलेली सगळी उष्णता शीतयंत्रांनाच ओढून काढावी लागते. शिवाय शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब बीजकणाशिवाय शून्याखालीही द्रवच राहतो, म्हणजे अतिशीत होतो. म्हणून तोफेतील दाबलेली हवा मोकळी होताना अतिशय थंड होऊन जे इवले हिमकण निर्माण करते, ते बीज म्हणून उपयोगी पडतात. दारातून शिरणारे समुद्रकाठचे बाष्प आणि पाहुण्यांचा श्वास शीतनलिकांवर दहिवराच्या रूपाने साचतो व त्यांची क्षमता घटवतो, त्यामुळे ते वेळोवेळी वितळवून टाकावे लागते. असे बनलेले हिम षट्कोनी पाकळ्यांचे नसून गोल दाण्यांचे व ताज्या नैसर्गिक हिमाच्या कित्येक पट घन असते. ते दाणे एकमेकांना कसे सांधले जातात, हा विचार हिमथरांबरोबरच करणे सोयीचे होईल.