मेंदूची साल

डिचोलीच्या कुंभाराला फिरत्या चाकापाशी काम करताना आपण पाहिले असेल. मातीच्या गोळ्यात त्याचा अंगठा उतरतो, बाहेरून दुसऱ्या हाताची बोटे आधार देतात आणि बघता बघता मडक्याचा गळा वर येतो. अंगठा किती दाबला, असे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. ‘हाताला कळते’, एवढेच तो म्हणेल. हे हाताचे कळणे वस्तुतः कवटीच्या आत, मोठ्या मेंदूच्या अगदी वरच्या थरात घडत असते.

या थराला ‘कॉर्टेक्स’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झाडाची साल. ज्या सालीपासून बाटलीची बुचे करतात तिला पोर्तुगीज भाषेत ‘कोर्तिसा’ म्हणतात, तोही याच कुळातला. गोव्यातील जुन्या मंडळींना तो परका वाटू नये. मात्र नावावरून फसू नये. झाडाची साल हे नुसते कवच, तर मेंदूची साल हाच त्याचा खरा ऐवज होय. तिची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर. पण ती वळ्यावळ्यांनी दुमडून बसविलेली असल्यामुळे उलगडून पसरली तर एखाद्या मोठ्या हातरुमालाएवढी भरेल. बहुतेक ठिकाणी तिच्यात पेशींचे सहा थर असतात आणि साऱ्या सालीत मिळून सुमारे १,६०० कोटी मज्जापेशी. ही साल करड्या रंगाची. तिच्याखाली दिसणारा पांढरा भाग म्हणजे निरोप वाहून नेणाऱ्या तंतूंचे जुडगे.

या सालीवर शरीराचा जणू नकाशाच काढलेला आहे. मॉन्ट्रिअलचे शल्यविशारद पेनफील्ड हे अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून रोग्यास जागे ठेवून ते सालीच्या निरनिराळ्या जागी विजेचा सौम्य स्पर्श करीत. कुठे बोट हलायचे, कुठे ओठाला मुंग्या यायच्या. १९३७ साली त्यांनी व बोल्ड्रे यांनी प्रसिद्ध केलेला हा नकाशा मोठा विचित्र आहे. अख्ख्या पाठीला चिमूटभर जागा, आणि अंगठा, बोटे, ओठ, जीभ यांना मात्र प्रशस्त जहागिरी! ज्या अवयवाचे काम नाजूक, त्याच्या वाट्याला साल अधिक. शिवाय ही वाटणी जन्मभर कायम राहते असेही नाही. तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचा प्रदेश इतरांपेक्षा विस्तारलेला असतो, आणि ज्यांनी लहानपणी वाद्य हाती घेतले त्यांच्यात तो अधिकच, असे १९९५ साली दिसून आले.

कपाळामागील भागाकडे बेत आखणे, आवर घालणे, पुढचे पाहणे ही कामे आहेत. त्याखालचे तंतू छेदून मनोविकार बरे करण्याचा प्रयोग पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली केला व १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे कळले की असे रोगी शांत होतात खरे, पण पुष्कळदा माणूसच हरवतो. ती शस्त्रक्रिया मागे पडली. याच मोनिझ यांनी आपल्या कांदोळीच्या आबे फारिया यांच्या संमोहनकार्यावर १९२५ साली ग्रंथ लिहिला होता, हा एक योगायोग. असो.

आता वाणीकडे वळू. पेडण्याकडचा दशावतारी नट लिखित संहिता हाती नसताना रात्रभर संवाद रचीत जातो. शब्द जुळविणारा सालीचा प्रदेश बहुतेकांच्या डाव्या अर्धगोलात, पुढच्या बाजूस असतो. १८६१ साली पॅरिसच्या ब्रोका यांनी तो दाखविला. ऐकलेल्याचा अर्थ लावणारा भाग मागे, कानाच्या वरच्या अंगास. तो १८७४ साली वेर्निके यांनी वर्णिला. डावा अर्धगोल उजव्या अंगाचा धनी आहे आणि हाताचा, चेहऱ्याचा व वाणीचा प्रदेश एकाच रक्तवाहिनीवर पोसतो. म्हणूनच पक्षाघातात उजवा हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे आणि वाचा जाणे हे तिन्ही पुष्कळदा एकदम घडते. पायाचा प्रदेश दुसऱ्या वाहिनीवर असल्याने तो अनेकदा त्यामानाने वाचतो.

अशा वेळी काही घरांत प्रथम अंगारा लावला जातो, कौल घेतला जातो. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, परंतु घड्याळ थांबत नाही. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातला काही वेळ पेडण्याहून किंवा डिचोलीहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यातच जातो. म्हणून आधी १०८ क्रमांक फिरवावा. कौल मागाहूनही घेता येईल.

वाचा गेलेला माणूस वेडा झालेला नसतो. पुढचा भाग दुखावला असेल तर त्याला बोलणे बरेचसे कळते, फक्त शब्द निघत नाहीत. आपल्याकडे घरी कोंकणी, शाळेत मराठी, जुन्या कचेरीत पोर्तुगीज अशी रीत होती. अशा बहुभाषिकाची कोणती भाषा आधी परतेल? १८९५ साली फ्रान्सच्या पित्र यांनी सांगितले की जी अधिक वापरात होती ती. हा नियम सर्वांना लागू पडत नाही. कोणाची बालपणीची भाषा आधी येते, कोणाच्या साऱ्या भाषा बरोबरच सावरतात. म्हणून घरच्यांनी रोग्याशी त्याच्या सवयीच्या सर्व भाषांत, सावकाश व छोट्या वाक्यांत बोलावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकते. पाणी हवे एवढेही ज्याला सांगता येत नाही, तो संध्याकाळी देवापुढे सबंध आरती म्हणून जातो. हे ढोंग नव्हे. पाठ झालेले आणि सुरात बांधलेले शब्द केवळ त्या दुखावलेल्या जागेवर अवलंबून नसतात. उजवा अर्धगोलही त्यात हात देतो. वाचोपचार करणारे तज्ज्ञ याच वाटेने जातात, आणि ‘पाणी दे’ हे दोन शब्द रोग्याकडून आधी सुरात म्हणवून घेतात.