राखणदार कोणी ठेवायचा?

2024च्या फेब्रुवारीत ‘एक्सझेड युटिल्स’ या प्रकल्पाच्या एका फाइलमध्ये एक टिंब पडले. एरवी कोऱ्या असलेल्या ओळीच्या सुरुवातीला, एकटेच. ही फाइल सॉफ्टवेअर बांधताना यंत्राची एक बारीक परीक्षा घेते: लिनक्समधली ‘लँडलॉक’ ही कुंपणाची सोय इथे आहे का? परीक्षा म्हणजे सी भाषेतला काही ओळींचा नमुना. तो कंपाइल झाला तर सोय आहे, अडला तर नाही. टिंबामुळे तो प्रत्येक यंत्रावर अडणार होता आणि कुंपण मुकाट्याने बंद राहणार होते. कोणाला लाल अक्षरांतली तक्रारही दिसली नसती, कारण ‘सोय नाही’ हे अशा परीक्षेचे अगदी साळसूद उत्तर असते. वाचणाऱ्याला ते टिंब पडद्यावरचा धुळीचा कण वाटावा. पण ते कोणाच्या हातून सांडलेले नव्हते, मुद्दाम ठेवलेले होते, आणि ठेवणारा त्या प्रकल्पाचाच राखणदार होता.

एक्सझेडचे काम फायली आवळून लहान करण्याचे. बहुतेक लिनक्स यंत्रांवर ते असते आणि बहुतेक वापरणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. 24 फेब्रुवारीला निघालेल्या 5.6.0 आणि त्यानंतर मार्चमध्ये आलेल्या 5.6.1 या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा होता. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायला जगभर वापरतात त्या ओपनएसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंध नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांनी ओपनएसएसएच सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडले होते आणि ती लायब्ररी एक्सझेडशी जोडलेली होती. या लांबच्या सोयरिकीतून चोरदरवाजा थेट सर्व्हरच्या कुलपापर्यंत पोचत होता. गुप्त किल्ली असणाऱ्याला तिथे हवी ती आज्ञा चालवता आली असती. 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, आंद्रेस फ्रॉइंड यांनी हे उघड केले. ते पोस्टग्रेस डेटाबेसचे विकसक, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. शोधत होते ते भलतेच. वेगाची मोजणी करायची म्हणून त्यांना यंत्र शांत हवे होते, तर फसलेली एसएसएच लॉगिनच सीपीयू खाताना दिसली. 0.3 सेकंदांचे काम 0.8 सेकंद घेत होते. अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागेना, तेव्हा त्यांनी धागा ओढला. तोवर हा माल वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, स्थिर आवृत्त्या वाचल्या. धोक्याच्या मोजपट्टीवर याला 10 पैकी 10 गुण मिळाले.

यानंतर दोन गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. एक गौरवाची: बघा, कोड उघडा होता म्हणून चोर सापडला. पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपत नाही, हा एरिक रेमंड यांनी 1990च्या दशकात मांडलेला सिद्धान्त खरा ठरला. दुसरी भीतीची: बघा, कोणीही येऊन सुरुंग पेरू शकतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी चुकीच्या जागी बोट ठेवतात. फ्रॉइंड एक्सझेडचा कोड वाचत नव्हते, त्यांना यंत्र का दमते ते हवे होते. शिवाय वाचायला बसले असते तरी कळ दाबणारी स्क्रिप्ट त्यांना सार्वजनिक कोडसंग्रहात दिसली नसती. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात, म्हणजे टारबॉलमध्ये होती. घातक ऐवज चाचणीच्या फायलींत दडवला होता. आवळलेली फाइल सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला बिघडलेल्या फायली देऊन पाहावेच लागते. त्यामुळे तिथे निरर्थक दिसणारा मजकूर असणे हेच स्वाभाविक. जे डोळ्यांपुढे नव्हते किंवा वाचण्याजोगे नव्हते, तिथे हजार डोळे असून काय उपयोग? आणि ‘कोणीही येऊन’ हेही खरे नाही. ते टिंब आणि हा चोरदरवाजा ठेवणाऱ्या राखणदाराने दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम केले होते.

खरी फट कोडमध्ये नव्हती, माणसात होती. एक्सझेड हे फिनलंडमधल्या लासे कॉलिन यांनी वर्षानुवर्षे जवळपास एकट्याने सांभाळलेले काम. 2021च्या अखेरीस ‘जिया तान’ या नावाने किरकोळ दुरुस्त्या येऊ लागल्या. 2022च्या वसंतात आणखी काही नावे उगवली, त्यांतले एक ‘जिगर कुमार’. या नावांनी ना कोड लिहिला, ना दोष शोधला. केला तो तगादा. पॅच अडकून पडलेत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, अशा अर्थाची पत्रे. जूनमध्ये कॉलिन यांनी उत्तर दिले. आपला रस संपलेला नाही, पण मुख्यतः दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे पुरेसे लक्ष देता येत नाही, शिवाय हे बिनपगारी हौशी काम आहे, याचीही आठवण ठेवा, असा त्याचा आशय. जिया तानकडे पुढे कदाचित मोठी भूमिका येईल, असेही त्यांनी सुचवले. 2023मध्ये आवृत्त्या जिया तानच्या हातून निघू लागल्या. तगादा करणारी नावे नंतर विरून गेली.

त्या पत्रांकडे जरा जवळून पाहिले की जाणवते, त्यांत संशय यावा असे काहीच नव्हते. वाघ गवतात दिसत नाही, कारण गवतही त्याच रंगाचे असते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल दुकानदाराला खडसावल्यासारखे लिहिणे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात इतके रोजचे आहे, की खोटी अरेरावी खऱ्या अरेरावीत बेमालूम मिसळली. हल्लेखोराने या समाजाची वीण नीट वाचली होती: मागणाऱ्यांची रांग, देणारा एक. आणि त्याने कॉलिन यांना जे दिले, ते इतक्या वर्षांत एक्सझेडवर विसंबलेल्या एकाही कंपनीने देऊ केले नव्हते. पैसे नव्हेत, जोडीला दोन हात. माझे म्हणणे एवढेच आहे, की या चळवळीने कोड कोणाचा हा प्रश्न परवान्यांनी चोख सोडवला, पण तो राखायचा कोणी, हा प्रश्न उघड्यावर टाकला.

हे आजचे नाही. 2014मध्ये ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला, तेव्हा जगातल्या बँकांपासून दुकानांपर्यंत सगळ्यांची कुलपे ज्यावर होती त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे 2000 डॉलर देणगी मिळत असल्याचे समोर आले. 2021च्या डिसेंबरात ‘लॉग4जे’ या लायब्ररीतल्या दोषाची आग लागली, तेव्हा ती विझवत होते तेही स्वयंसेवकच.

मुक्त सॉफ्टवेअरला लोक बाजाराची उपमा देतात, कधी गायरानाची. मला खानदेशातल्या पाटपाण्याची फड पद्धत जास्त जवळची वाटते. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांतून पाणी सगळ्यांना मिळे. पण पाटकरी आणि जागल्या ठरलेले असत, त्यांचा मोबदला पाणी घेणाऱ्यांनी द्यायचा आणि पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाणी सामायिक होते, पण राखण कोणाच्या हौसेवर सोडलेली नव्हती. म्हणून ती व्यवस्था शतके टिकली. एक्सझेडच्या पाटावर पाणी घेणारे कोट्यवधी, आणि गाळ काढायला एक जण, तोही आजारी.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा. परवान्यातच लिहिलेले असते की कसलीही हमी नाही. मग वापरणाऱ्या कंपन्यांचे देणे कसले? देणे काहीच नाही, मान्य. पण हेच कलम उलटही वाचायला हवे. हमी नसेल तर तगाद्याचा हक्कही नाही, आणि ज्याचा धंदा त्या पाण्यावर चालतो त्याने गाळाची चौकशी करणे हे दानधर्म नसून स्वतःचे शेत वाचवणे आहे. दुसरा आक्षेप असा, की मग बंद, पगारी सॉफ्टवेअरच बरे. 2020च्या अखेरीस उघड झालेले सोलरविंड्स प्रकरण आठवावे. तिथे कंपनीच्याच अधिकृत अपडेटमधून विषारी कोड सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत पोचला. तिथे बाहेरच्या कोणाला मूळ कोड वाचायची सोयच नव्हती. पगाराने राखण होते. पण दार बंद असल्याने ती होतेच असे नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. हात हवेत म्हणून दार उघडले, तर पुढचा जिया तान त्याच दारातून येणार नाही का? येईल. नुसते पैसे ओतूनही भागत नाही. हार्टब्लीडनंतर ओपनएसएसएलकडे निधी वळला, पण एक्सझेडकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण पैसा ज्याचा गाजावाजा होतो त्याच्याकडे जातो. जर्मन सरकारने 2022मध्ये सॉव्हरिन टेक फंड उभा केला, ग्नोम या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाला 10 लाख युरो दिले. आपल्याकडे झिरोधाने 2024मध्ये फ्लॉस फंडातून वर्षाला 10 लाख डॉलर द्यायचे जाहीर केले. ही पावले मोलाची आहेत, तरी ती थकलेल्या माणसाच्या शेजारी कोणाला बसवत नाहीत. ते काम लिनक्स वितरणे विकणाऱ्या आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना करता येईल: ज्यांना चेहरा, पत्ता, पगार आहे असे आपले अभियंते आठवड्यातले काही तास अशा बिननावाच्या प्रकल्पांना उसने देणे. सोंग घेऊन कंपनीतही शिरता येते, पण दोन वर्षे नुसत्या नावाच्या आड राहणे तिथे अवघड. फ्रॉइंड यांनाही पोस्टग्रेसवर काम करण्याचाच पगार मिळतो. अर्ध्या सेकंदाचा नाद परवडायला पोटापाण्याची निश्चिंती लागते, हे या गोष्टीत कोणी फारसे सांगत नाही.

चोरदरवाजा उघड झाला तेव्हा कॉलिन सुटीवर होते. ते परतले आणि त्यांनी जिया तानच्या हातचा एकेक बदल तपासायला घेतला. 5.6.2 ही साफ केलेली आवृत्ती 29 मेला निघाली. त्याच्या बऱ्याच अगोदर, गौप्यस्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी त्या फाइलमधली एक ओळ दुरुस्त केली होती. नोंदीत तो बदल असा दिसतो: वजा खुणेपुढे एक टिंब, आणि त्याखाली अधिक खुणेपुढे काहीच नाही.